निकमआण्णांच्या हाताखाली

निकमआण्णा रागावले की समोरच्या माणसाला अहो म्हणायचे. एरवी ड्रायव्हर असो, क्लीनर असो की वयानं मोठा असलेला मिस्त्री असो, सगळ्यांना अरेतुरे. पण "तुमी जरा इकडं या," असं ऐकू आलं की सातारच्या आमच्या मोटार स्टँडवर बाकीच्यांचे हात जागच्या जागी थांबायचे. राग जितका मोठा, तितका त्यांचा आवाज खाली जायचा. फारच संतापले तर नुसते ओठ हलताना दिसायचे, आणि काय म्हणतात ते कळायला समोरच्याला एक पाऊल पुढं सरकावं लागायचं. बोलणी खायला माणसानं आपणहून पुढं सरकायचं, यात केवढा धाक असतो ते मी तिथं पाहिलं.

मी त्या सर्व्हिसमध्ये बुकिंग क्लार्क होतो. आमच्या गाड्या एका बाजूला वाई, पाचगणी, महाबळेश्वरला जात आणि दुसऱ्या बाजूला कऱ्हाड, इस्लामपूरवरून सांगलीला. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालं आणि गाड्यांच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बसल्या. आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गाडीच्या मागं माणसाएवढं लोखंडी पिंप, त्यात विस्तव, आणि गाडी सुटण्याआधी क्लीनरनं पंखा फिरवून तो फुलवायचा. भट्टी नीट पेटली तर सपाटीवर गाडी बरी पळे. चढावर मात्र तिला धाप लागे.

आण्णांच्या आधी मालकांचे मेव्हणे मॅनेजर होते. त्यांचा आवाज पोवई नाक्यापर्यंत जायचा. उशीर झाला दंड, पंक्चर झालं दंड, पॅसेंजरनं तक्रार केली तर चार माणसांत आईबापांचा उद्धार. माणसं समोर मान खाली घालायची आणि पाठ फिरली की हसायची. वाटेत गाडी बंद पडली तर ड्रायव्हर झाडाखाली टॉवेल पसरून आडवा व्हायचा. गाडी मालकाची, खोळंबा पॅसेंजरचा, त्याचं काय जातंय? नट ढिला झालेला दिसला तरी कुणी बोलायचं नाही, कारण जो बोलेल त्याच्यावरच ते शेकायचं. अशानं एकेक गाडी खिळखिळी झाली, चांगले ड्रायव्हर दुसऱ्या सर्व्हिसकडं गेले, आणि मालकांनी नाइलाजानं आण्णांना आणलं.

आण्णा तेव्हा पन्नाशीला टेकले होते. आधीच्या लढाईत बसऱ्याला लष्कराच्या लॉऱ्या चालवलेला माणूस. अंगात खाकी कोट, खाली धोतर आणि पायात लष्करी बूट. धोतरावर बूट पाहून पहिल्या दिवशी क्लीनर लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते. आण्णांनी सगळ्यांना भट्ट्यांपाशी गोळा केलं आणि एवढंच सांगितलं, "चुका हुणार. गाडी हाय, रस्ता हाय, माणूस हाय. चुकलासा तर पैलं मला येऊन सांगा. मालकाला काय सांगायचं ते मी बघतो. पर दुसऱ्याकडनं कळलं तर मंग माझ्याकडं येऊ नगा."

कुणाचा विश्वास बसला नाही. असलं गोड बोलणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते.

रोज सकाळी ते सगळ्यांच्या आधी हजर असत. प्रत्येक गाडीभोवती एक फेरी मारायचे, चाकाला हात लावायचे, कोळसा मुठीत घेऊन चुरडून बघायचे. पहिली गाडी सुटल्याशिवाय चहा घेत नसत. कुणाला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. काम मनासारखं झालं की नाकातल्या नाकात "हं" म्हणायचे आणि पुढं जायचे. पुढं पुढं त्या एका "हं"साठी धडधाकट बाप्ये गाड्या पुसून पुसून लखलखीत ठेवू लागले. पण ते नंतर. त्याआधी गणपतचं प्रकरण झालं.

गणपत हा आमचा सगळ्यात तरबेज ड्रायव्हर. एके दिवशी दुपारी एक म्हातारी चालत चालत स्टँडवर आली. कऱ्हाड रस्त्यावर आमच्या गाडीनं तिचं रेडकू उडवलं होतं आणि गाडी न थांबता निघून गेली होती. आण्णांनी म्हातारीला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि गणपतला विचारलं, "तुझ्या गाडीखाली कायतरी घावलं का रं?"

"न्हाई आण्णा. म्या न्हाई बघितलं."

आण्णा गाडीपाशी गेले, पुढच्या मडगार्डला चिकटलेले काळे केस बोटांनी काढले आणि परत आले. "तुमी उद्यापासनं येऊ नगा," ते म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या मलाही ते जेमतेम ऐकू आलं.

गणपतनं हातापाया पडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुकाराम नावाचा ड्रायव्हर सगळ्यांच्या वतीनं रदबदली करायला आला. आण्णा म्हणाले, "रेडकू मेलं, त्याची भरपाई करता आली असती. मी तोंडावर इचारलं तवा ह्यो न्हाई म्हणला. उद्या ह्यो बिरेक बरोबर हायत म्हणंल आन् मी गाडीत माणसं भरीन, तवा?"

गणपतची पोरं लहान होती. त्याला एक संधी द्यायला हवी होती असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. मी तसं बोललोही. आण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "कुलकर्णी, तुमी तिकिटं फाडा." त्या "तुमी"नंतर मी खिडकीत जाऊन बसलो. स्टँडवर पुढं कितीतरी दिवस कुणी मोकळेपणानं बोललं नाही. माणसं आण्णांना भ्यायला लागली होती, पण अजून त्यांची झाली नव्हती.

ती झाली त्या वर्षीच्या आषाढात.

महाबळेश्वरची गाडी भरून तयार होती. पाऊस असा की समोरची भिंत दिसू नये. मालक स्वतः स्टँडवर आले होते, कारण त्यांचे कुणी पाहुणे त्या गाडीनं निघाले होते. भट्टी पेटलेली, माणसं आत बसलेली, आणि ड्रायव्हर तुकाराम मात्र गाडीत न चढता बाहेर पावसात उभा.

"आण्णा, बिरेक नीट धरत न्हाईत असं वाटतंय."

मिस्त्री लगेच म्हणाला, "कालच बघितल्यात. काय सुदिक झालेलं न्हाई."

"मिस्त्री ठीक म्हणतोय ना? मग अडलंय कुठं?" मालक म्हणाले.

आण्णांनी मालकांकडं पाहिलं नाही, मिस्त्रीकडंही नाही. तुकारामला विचारलं, "तू न्हाई म्हणतोस?"

"व्हय."

"मंग न्हाई जायाची."

भर पावसात माणसं खाली उतरवली. पाहुणे मंडळी छत्र्या उघडत मालकांना टोचून बोलत होती. चारी चाकं खोलली. मिस्त्रीनं एकेक भाग पुसून आण्णांच्या पुढ्यात धरला. कुठंही काही दोष नव्हता. ब्रेक अगदी व्यवस्थित होते.

मालकांचा चेहरा उतरला होता. "निकम, आता उद्यापासून प्रत्येक जण असंच म्हणेल."

"म्हणू द्यात. उद्या खरंच बिरेक गेल्यावर ह्यानं तोंड उघडलं पायजे. आज ह्याचं हसं केलं तर ह्यो उघडायचा न्हाई, आन् दुसरा कोण बी उघडायचा न्हाई." मग क्लीनरांकडं वळून म्हणाले, "कुनी दात काढू नगा. चाकं बसवा."

थोड्या वेळानं माझ्या खिडकीच्या आडोशाला आण्णा आणि तुकाराम उभे होते. पावसाच्या आवाजातही मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"काय झालंय ते सांग आता."

तुकारामनं तोंडावरचं पाणी टॉवेलनं पुसलं. मग म्हणाला, "त्या दुसऱ्या सर्व्हिसची गाडी पसरणीच्या घाटात खाली गेली न्हवं का, तवा मी मागनं येत हुतो. माणसं वर काढायला मीच उतरलो हुतो. तवापासनं बिरेकवर पाय ठिवला की वाटतंय, खाली कायच न्हाई. पाय तसाच जाणार."

"हे मघाशी का न्हाई सांगितलंस?"

"समद्यांच्या म्होरं कसं सांगू?"

"बरं. उद्या मी येतो तुझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी पाचगणीच्या बुकिंगला तिकिटं पोचवायची होती म्हणून मीही त्याच गाडीत होतो. पुढच्या बाकावर, ड्रायव्हरच्या मागं. आण्णा तुकारामच्या शेजारी बसले होते. वाई सोडली, पसरणीचा घाट लागला आणि धुकं खाली उतरलं. कोळसा दमट, भट्टी कुरकुरत होती. एका अवघड वळणावर गाडीला धाप लागली, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. क्षणभर गाडी जागेवर थांबली. मग मागं सरकू लागली.

एक बाई मोठ्यानं देवाचं नाव घेऊ लागली. दरीची बाजू आमच्या उजव्या हाताला होती, आणि धुक्यामुळं कडा कुठं संपतो ते कळत नव्हतं. हातब्रेकचा दांडा आण्णांच्या हाताशी होता. बसऱ्याला लॉऱ्या चालवलेला माणूस. हात पुढं करून दांडा ओढायचा, एवढंच करायचं होतं. त्यांचा हात गुडघ्यावर होता. मी त्या हाताकडंच बघत होतो. बोटांची पेरं पांढरी पडली होती, पण हात उचलला गेला नाही. त्यांनी तुकारामकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. समोरच्या काचेतून दिसत नसलेल्या रस्त्याकडं ते बघत राहिले.

तुकारामनं ब्रेकवर सगळं अंग टाकलं, दांडा ओढला आणि चाक फिरवून गाडीचा मागचा भाग डोंगराच्या अंगाला घातला. धप्पकन आवाज झाला. माती आणि दगड टपावर पडले. गाडी थांबली. क्लीनरनं उडी मारून चाकाखाली धोंडे लावले.

मग आण्णांचं ते ठरलेलं "हं" ऐकू आलं. "भट्टी फुलवा. तवर माणसं उतरून वळणावरनं वर चालू द्यात." तुकाराम कपाळ पुसत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण आदल्या दिवशीची नव्हती.

पाचगणीला पोचल्यावर आण्णा चहाच्या दुकानात बसले. मी मागून गेलो तेव्हा चहा समोर तसाच होता आणि त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल खुपसले होते. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "थंडी लय हाय."

त्यानंतर आमच्या स्टँडवर काय बदललं ते बोटानं दाखवता यायचं नाही. कुणी भाषण केलं नाही, शपथा घेतल्या नाहीत. पण गाडी बंद पडली की ड्रायव्हर झाडाखाली आडवा होईना. माणसं आपल्या घरून जुनी फडकी आणून इंजिनं पुसू लागली. आणि रोज संध्याकाळी कुणीतरी आण्णांसमोर उभं राहून सांगे, "आज माझ्या हातनं असं असं झालं."

बेचाळीस साल उजाडलं आणि चळवळीनं आमचा सगळा मुलूख पेटला. तारा तुटत होत्या, गावागावांतली पोरं भूमिगत होत होती. पावसाळा सरता सरता एक दिवस सकाळी फौजदार स्टँडवर आले. वाळव्याच्या बाजूच्या एका गावात कुणी लपल्याची खबर त्यांना लागली होती. त्यांची लॉरी दुसरीकडं गेली होती, म्हणून आमची गाडी हवी होती. गाडी आणि ड्रायव्हर, दोन्ही ताबडतोब. हुकूम होता, नाही म्हटलं तर सगळ्याच गाड्या जप्त होतील असं त्यांनी मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आण्णांनी ड्रायव्हरांना बोलावलं आणि फौजदारांसमोरच जे होतं ते सांगितलं. "गाडी द्यावी लागणार. हाकायची का न्हाई ते ज्येनं त्येनं ठरवा. मी कुनाला सांगनार न्हाई."

त्यातले निम्मे त्याच बाजूच्या गावांचे. तुकाराम तर नेमका त्याच गावचा. एक एक करून सगळे मागं सरकले.

फौजदार तापले. "निकम, तुमची माणसं तुमचं ऐकत नाहीत?"

"ऐकत्यात," आण्णा म्हणाले. "म्हणूनच सांगितलं न्हाई."

फौजदारांनी वेताची छडी बुटावर आपटली. लायसनं काढून घेतो म्हणाले, आत टाकतो म्हणाले. आण्णांनी ऐकून घेतलं, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "गाडी मी हाकतो. चला."

तुकारामनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ती नजर मला अजून विसरता येत नाही. आण्णांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ते कोळशाच्या शेडमध्ये गेले. एका कोपऱ्यात शेड गळायची, आणि तिथली भिजकी पोती आम्ही वाळवायला म्हणून बाजूला ठेवली होती. आण्णांनी स्वतः त्यातलं एक पोतं पाठीवर घेतलं आणि भट्टीत ओतलं. मी पाहिलं, मिस्त्रीनंही पाहिलं. मिस्त्री काही बोलायला गेला, आणि मग खाली बसून उगाच एक पाना पुसू लागला.

गाडी धुराचे लोट सोडत कशीबशी निघाली. पुढचं मला एका शिपायानं नंतर सांगितलं. दर दोन-तीन मैलांना गाडी थांबे. आण्णा उतरून भट्टी ढवळत, पाणी मागायला जवळच्या वस्तीवर जात, गोळा झालेल्या पोरासोरांना पोलिसांनी भरलेली गाडी निवांत बघू देत. फौजदार शिव्या देत होते आणि आण्णा "कोळसा दमट हाय साहेब" एवढंच म्हणत होते. सकाळचे निघालेले ते गावात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ज्यांना धरायचं होतं ते केव्हाच उसात पसार झाले होते. पण गावाला हे आतलं काय ठाऊक? गावानं एवढंच पाहिलं, की पोलिसांना घेऊन आलेली गाडी एक खाकीतला माणूस हाकतोय. परतताना उसातून दगड आले. एक काच फोडून आण्णांच्या भुवईवर बसला.

दुसऱ्या दिवशी ते डोक्याला पट्टी बांधून नेहमीच्या वेळेला हजर होते. तुकाराम त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला.

"आण्णा, त्यो दगड माझ्या भावानं मारला. राती निरोप आला."

आण्णा चाकावरून हात फिरवत होते. "त्येला सांग, बोलू नगंस कुनापाशी. फौजदार शोधतोय."

"त्येला म्हाईत न्हवतं आण्णा."

"म्हाईत असायचं कारण न्हाई. जा, तुझी गाडी सुटायची येळ झाली."

आण्णांनी गाडी मुद्दाम रखडवली, हा फौजदारांचा संशय गेला नव्हता. त्यांनी मालकांवर दाब आणला आणि मालकांनी आण्णांना घरी बसायला सांगितलं. मेव्हणे पुन्हा मॅनेजरच्या खुर्चीत आले. त्या सकाळी ड्रायव्हरांनी संप करायचं मनात घेतलं होतं. आण्णांना ते कळलं असावं. ते स्टँडवर आले, आत न शिरता फाटकाबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "वाटंवर माणसं गाडीसाठी थांबल्यात. त्यांनी काय केलंय? गाड्या सुटल्या पायजेत."

गाड्या सुटल्या. पण एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. आण्णा रोज सकाळी रस्त्याच्या पलीकडच्या चहाच्या दुकानात येऊन बसायचे, आणि प्रत्येक ड्रायव्हर गाडी काढण्याआधी रस्ता ओलांडून त्यांच्यापाशी जायचा. "मागचं चाक आवाज करतंय." "आज भट्टी लवकर धरली." आण्णा ऐकायचे, एखादा शब्द बोलायचे. मॅनेजरसाहेब खुर्चीतून ओरडत, ड्रायव्हर "व्हय जी" म्हणत आणि पलीकडं बघत. गाड्या पूर्वीसारख्याच वेळेवर होत्या. मालक एका सकाळी आले, माझ्या खिडकीपाशी उभं राहून त्यांनी हे सगळं पाहिलं. मला म्हणाले, "कुलकर्णी, पगार मी देतो ना यांना?" फौजदारांची बदली झाली तसं मालकांनी स्वतः रस्ता ओलांडून आण्णांना परत आणलं. मेव्हण्यांना कऱ्हाडचं बुकिंग दिलं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं मोटारी आपल्याकडं घेतल्या. आमची सर्व्हिस संपली. ड्रायव्हर नव्या खात्यात गेले, मीही गेलो. आण्णा वयात बसले नाहीत. पलूसच्या बाजूला त्यांची थोडी जमीन होती, तिकडं ते निघून गेले. मग दोनेक वर्षं गाठ नव्हती.

माझी बदली सांगलीला झाली होती. एक दिवस दुपारच्या वेळेला स्टँडवर गलका ऐकून मी खिडकीतून बाहेर आलो. एक नवे अधिकारी एका ड्रायव्हरला भर स्टँडवर झापत होते. कारण काय होतं ते मला आता आठवत नाही, उशिराचंच असेल. ड्रायव्हर तरणा पोरगा होता, ओळखीचा नव्हता. तो गाडीच्या दाराशी मान खाली घालून उभा, आणि गाडीतली माणसं खिडक्यांतून मजा बघत होती. अधिकाऱ्यांचा आवाज चढत चालला होता.

गाडीच्या मागच्या दारातून एक म्हातारा हळूहळू खाली उतरला. खाकी कोट, धोतर. आण्णा फार वाळले होते. ते चालत आले आणि त्या पोराच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

अधिकारी थांबले. "तुम्ही कोण?"

"पॅसेंजर."

"मग गाडीत बसा."

"डायव्हर बसला की बसतो," आण्णा म्हणाले.

त्यांच्यामागं आणखी एक शेतकरी उतरला. मग पोर कडेवर घेतलेली एक बाई. मग एक मास्तर, हातातलं वर्तमानपत्र घडी करत. खिडक्यांतलं हसू मावळलं होतं. माणसं एकेक करून खाली येऊन उभी राहत होती. अधिकाऱ्यांनी सगळ्यांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि काहीतरी पुटपुटत ते आत निघून गेले.

ड्रायव्हर आपल्या जागेवर जाऊन बसला. आण्णांनी बाईला आधी चढू दिलं आणि मग कठड्याला धरून, एकेक पायरी घेत स्वतः चढले. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात इंजिन सुरू झालं. गाडी पलूसच्या रस्त्याला लागली.